चढउताराची परीक्षा: व्हेरिअन्सवरच्या परिकल्पना मांडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरासरीवरची परीक्षा बहुतेकांना जमते. प्रश्न सरासरीवरून चढउतारावर सरकला की तीच मुलं आणि तेच क्वालिटीवाले अडखळतात. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आणि अधूनमधून एमआयडीसीतल्या छोट्या पॅकिंग युनिटच्या आकड्यांत डोकं घालते. दोन्हीकडे प्रश्न तेच येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण शक्यतो एकच ठेवलं आहे: पोह्यांचे ५०० ग्रॅमचे पुडे भरणारं मशीन. त्याचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. जिथे खरा डेटा वापरला आहे तिथे तसं लिहिलं आहे. पाठ्यपुस्तकात प्रचरण आणि प्रमाण विचलन असे शब्द आहेत, पण वर्गात आणि कारखान्यात सगळे व्हेरिअन्स आणि स्टँडर्ड डेव्हिएशनच म्हणतात, म्हणून मीही तेच वापरते. स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे वजनं सरासरीपासून साधारण किती लांब पडतात त्याचं माप, आणि त्याचा वर्ग म्हणजे व्हेरिअन्स. मशीनच्या सगळ्या पुड्यांच्या स्टँडर्ड डेव्हिएशनला सिग्मा म्हणतात. उदाहरणात विकणाऱ्याचा दावा आहे, की सिग्मा ३ ग्रॅमपेक्षा जास्त नाही; मालकाने पंचवीस पुडे मोजले तर आकडा आला ३.८.

सरासरी ५०० येते आहे. मग चढउतार कशाला तपासायचा?

एक पुडा ४८० चा आणि एक ५२० चा, तरी सरासरी ५०० च येते. ४८० वाला पुडा ज्याच्या घरी गेला त्याला सरासरी सांगून उपयोग नाही. पॅकबंद मालाच्या २०११ च्या वैधमापन नियमांत ५०० ग्रॅमच्या एखाद्या पुड्यात १५ ग्रॅमपर्यंत तूट खपवून घेतली जाते. तपासायला घेतलेल्या पुड्यांची सरासरी मात्र छापील वजनाच्या खाली आलेली चालत नाही. म्हणजे एकेका पुड्यावरही बंधन आहे आणि सरासरीवरही.

आता पैशाचं बघू. मालकाने ठरवलं, की शंभरात अडीचपेक्षा जास्त पुडे ५०० च्या खाली नकोत. वजनं नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वितरणाची धरली तर मशीन ५०० अधिक १.९६ सिग्मा एवढ्यावर लावावं लागेल. सिग्मा ३ ग्रॅम असेल तर ५०५.९ वर, आणि ३.८ असेल तर ५०७.४ वर. फरक पुड्यामागे दीड ग्रॅमचा. दिवसाला दहा हजार पुडे निघत असतील तर रोज पंधरा किलोच्या वर पोहे फुकट जातात, आणि सरासरीच्या कागदावर हे कुठे दिसतही नाही.

परिकल्पना नेमकी कशाबद्दल लिहायची?

सिग्माबद्दल. म्हणजे मशीनच्या सगळ्या पुड्यांच्या, भरलेल्या आणि अजून भरायच्या, चढउताराबद्दल. शून्य परिकल्पना म्हणजे विरुद्ध पुरावा मिळेपर्यंत खरं धरून चालायचं विधान, आणि पर्यायी म्हणजे तसा पुरावा मिळाला तर स्वीकारायचं विधान. उत्तरपत्रिकांत दरवर्षी मला “शून्य परिकल्पना: एस = ३.८” असं लिहिलेलं सापडतं. एस म्हणजे तुमच्या हातातल्या पंचवीस पुड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन. ते तुम्ही मोजलेलं आहे, त्याबद्दल परिकल्पना कसली करायची? परिकल्पना न दिसणाऱ्या आकड्याबद्दल असते.

दुसरी गोष्ट, ३.८ हा आकडा परिकल्पनेत यायलाच नको. तिथे येतो तो दाव्यातला ३. दावा हा पुडे वजनकाट्यावर ठेवायच्या आधीपासून कुठेतरी लिहिलेला असतो: मशीनच्या कोटेशनमध्ये, खरेदीदाराच्या स्पेसिफिकेशनमध्ये किंवा गेल्या वर्षीच्या रजिस्टरमध्ये.

दावा शून्य परिकल्पनेत टाकायचा की पर्यायी परिकल्पनेत?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. “दावा नेहमी पर्यायीत” असं काही क्लासमध्ये शिकवतात. ते चूक आहे.

नियम एवढाच, की “बरोबर” (=) हे चिन्ह शून्य परिकल्पनेकडे राहतं. कारण काय-स्क्वेअरचा आकडा (नमुन्याच्या व्हेरिअन्सची दाव्याशी तुलना करणारा, सूत्र पुढे आहे) काढताना आपल्याला सिग्माची एक ठरावीक किंमत धरावी लागते. ती धरायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे शून्य परिकल्पना. त्यामुळे “सिग्मा ३ पेक्षा जास्त नाही” असा दावा असेल तर त्यात बरोबरी आली, तो शून्यात. “सिग्मा ३ पेक्षा कमी झाला” असा दावा असेल तर त्यात बरोबरी नाही, तो पर्यायीत.

आता थोडं खोलात. एकाच मशीनबद्दल विकणारा आणि विकत घेणारा वेगवेगळ्या परिकल्पना मांडू शकतात, आणि दोघांचंही बरोबर असू शकतं. मशीन बसून सहा महिने झाले, पुड्यांची वजनं खेळायला लागली, आणि मालकाला विक्रेत्याकडे तक्रार न्यायची आहे. मालक म्हणतो तसं सिग्मा ३ पेक्षा जास्त आहे, हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. म्हणून शून्य परिकल्पना: सिग्मा ३ किंवा त्याहून कमी. पर्यायी: सिग्मा ३ पेक्षा जास्त. पुरावा पुरेसा नसेल तर विक्रेता सुटला.

पण हेच मशीन अजून विकत घ्यायचंच आहे, आणि मालक म्हणतो, “आधी दाखवा, मग चेक.” तेव्हा ओझं विक्रेत्यावर. शून्य परिकल्पना: सिग्मा ३ किंवा त्याहून जास्त. पर्यायी: सिग्मा ३ पेक्षा कमी. आता पुरावा पुरेसा नसेल तर मशीन परत जातं. पंचवीस पुड्यांवर ५ टक्के पातळीने (म्हणजे शून्य परिकल्पना खरी असूनही फेटाळली जायची शक्यता ५ टक्के ठेवून) हे दाखवायचं तर नमुन्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन २.२८ च्या खाली यावं लागेल. उलट पहिल्या मांडणीत मालकाची तक्रार टिकायला ते ३.७० च्या वर जावं लागेल. मधल्या पट्ट्यात जो आकडा येईल त्याचा फायदा शून्य परिकल्पनेच्या बाजूने बसलेल्याला मिळतो. म्हणून मांडणी करण्याआधी मी एकच विचारते: पुरावा कमी पडला तर नुकसान कोणी सोसायचं?

एकतर्फी की दुतर्फी? शेवटी उत्तर तेच येतं ना?

येत नाही. हे पूर्ण करूनच दाखवते.

पंचवीस पुडे मोजले, एस आला ३.८ ग्रॅम. दावा ३ ग्रॅमचा. सूत्र असं: नमुना संख्येतून एक वजा करा, त्याला नमुन्याच्या व्हेरिअन्सने गुणा, दाव्यातल्या व्हेरिअन्सने भागा.

२४ × १४.४४ ÷ ९ = ३८.५१

स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे नमुना संख्येतून एक वजा, २४. टेबलात वरच्या बाजूची ५ टक्क्यांची किंमत ३६.४२. आपला आकडा तिच्या पुढे गेला, शून्य परिकल्पना फेटाळली, मशीन दाव्यापेक्षा जास्त खेळतं आहे. ही एकतर्फी परीक्षा.

तीच परीक्षा दुतर्फी मांडली असती, म्हणजे “सिग्मा ३ नाही” एवढाच पर्याय ठेवला असता, तर ५ टक्के दोन शेपटांत अडीच-अडीच वाटले गेले असते. खालची सीमा १२.४०, वरची ३९.३६. आपला ३८.५१ आत बसतो. फेटाळता येत नाही.

पुडे तेच, काटा तोच, आकडेमोड तीच, आणि निकाल उलटा. त्यामुळे दिशा आधी ठरवून, तारीख टाकून, कागदावर लिहून ठेवायची. एस ३.८ आलेला बघून “आपण एकतर्फीच करणार होतो” म्हणणं ही फसवणूक आहे, आणि बहुतेक वेळा माणूस ती स्वतःचीच करतो. मोजल्यावर दिशा निवडली तर तुमची ५ टक्क्यांची चूक खरं तर १० टक्क्यांची झालेली असते.

दुतर्फी कधी? चढउतार कमी होणं आणि वाढणं दोन्ही तुम्हाला सारखंच महत्त्वाचं असेल तेव्हा. उदाहरणार्थ पेपर काढणाऱ्याला नवी प्रश्नपत्रिका जुन्याइतकीच मुलांना वेगळं पाडते का हे बघायचं असतं. गुण फार पसरले तरी अडचण, एकाच ठिकाणी गोळा झाले तरी अडचण.

दावा स्टँडर्ड डेव्हिएशनचा आहे, तर सूत्रात व्हेरिअन्स का?

कारण काय-स्क्वेअर वितरण वर्गांच्या बेरजेचं आहे. नॉर्मल वितरणातल्या नमुन्याच्या व्हेरिअन्सचं हे वितरण हेल्मर्ट या जर्मन गणितज्ञाने १८७० च्या दशकातच काढलं होतं. ‘व्हेरिअन्स’ हा शब्द मात्र पुढे १९१८ मध्ये फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने आणला. परिकल्पना सिग्माची लिहिली काय किंवा सिग्मा-वर्गाची लिहिली काय, अर्थ एकच. सिग्मा ऋण नसतोच.

वर्ग करायला विसरलात तर मात्र महागात पडतं. वरच्याच उदाहरणात २४ × ३.८ ÷ ३ केलं तर ३०.४ येतात. ते ३६.४२ च्या आत. निकाल उलटा, आणि आकडा इतका साधासुधा दिसतो की तपासणाऱ्यालाही शंका येत नाही.

कॅल्क्युलेटरवर दोन स्टँडर्ड डेव्हिएशन दिसतात. कुठलं घेऊ?

एस-एक्स. सिग्मा-एक्स नाही. एस-एक्समध्ये एक वजा करून भागलेलं असतं. एक्सेलमध्ये शेवटी ‘एस’ असलेलं फंक्शन घ्या, ‘पी’ असलेलं नको. पायथन वापरणाऱ्यांनी जास्त जपायला हवं: त्यातल्या दोन लायब्ररींपैकी नमपाय काही न सांगता पूर्ण नमुना संख्येने भागतं आणि पांडाज एकाने कमी संख्येने. एकाच फाईलवर दोघांची उत्तरं वेगळी येतात आणि मुलं मला रात्री अकरा वाजता मेसेज करतात.

काय-स्क्वेअरच्या टेबलात डावी बाजू कशी बघायची?

सरासरीच्या झेड आणि टी परीक्षांच्या सवयीने लोक वरची किंमत घेतात आणि पुढे वजा चिन्ह लावतात. काय-स्क्वेअर ऋण होत नाही आणि दोन्ही बाजूंनी सारखाही नसतो. बहुतेक टेबलांत वरच्या स्तंभात उजवीकडचं क्षेत्रफळ दिलेलं असतं, त्यामुळे डावीकडची ५ टक्के किंमत हवी असेल तर ०.९५ चा स्तंभ बघा. २४ स्वातंत्र्यमात्रांना ती १३.८५ आहे.

दोन मशीनची तुलना करायची असेल तर?

तर दाव्यातला आकडा नसतोच, दोन्ही सिग्मा अज्ञात. शून्य परिकल्पना: दोन्ही सिग्मा सारखे. दोन व्हेरिअन्सचा भागाकार करायचा आणि एफ टेबलात बघायचं. हा एफ म्हणजे फिशर. त्याच्या मानासाठी अमेरिकेतल्या स्नेडेकॉरने १९३४ मध्ये हे अक्षर वापरलं.

समजा दोन्ही मशीनचे दहा-दहा पुडे मोजले. पहिल्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन ४.२, दुसऱ्याचं २.४. डोळ्यांना वाटतं, पहिलं मशीन जवळजवळ दुप्पट खेळतंय, परीक्षा कशाला हवी? १७.६४ ÷ ५.७६ = ३.०६. नऊ-नऊ स्वातंत्र्यमात्रांना एकतर्फी ५ टक्के किंमत ३.१८, दुतर्फी ४.०३. कशानेच फेटाळत नाही. दहा पुड्यांत चढउताराबद्दल किती कमी माहिती असते याचा हा नमुना.

इथे एक सापळा आहे. छापील टेबल फक्त वरच्या शेपटाचं असतं, म्हणून “मोठा व्हेरिअन्स वर ठेवा” असं शिकवतात. चांगली सोय आहे. पण मोठा कुठला हे तुम्ही मोजल्यावर ठरवलंत, म्हणजे परीक्षा दुतर्फी झाली, आणि ५ टक्क्यांसाठी अडीच टक्क्यांचं पान उघडायला हवं. एक्सेलची एफ-टेस्ट परस्पर दुतर्फी पी-व्हॅल्यू (शून्य परिकल्पना खरी असताना इतका किंवा याहून टोकाचा आकडा यायची शक्यता) देते. ती पुन्हा दुप्पट करू नका.

नमुना किती घ्यायचा? तीस पुरतात ना?

तीस ही संख्या सरासरीच्या चर्चेतून आलेली आहे. इथे तिला काही खास मान नाही.

सिग्मा खरंच ३.८ झाला आहे आणि दावा ३ चा आहे, असं धरू. एकतर्फी ५ टक्क्यांच्या परीक्षेत दहा पुडे घेतले तर हा बिघाड दहापैकी तीन वेळाच पकडला जाईल. पंचवीस घेतले तर साधारण निम्म्याहून थोड्या जास्त वेळा. शंभर घेतले तर ९५ टक्के वेळा. म्हणजे वरच्या उदाहरणात पंचवीस पुड्यांवर मालकाची तक्रार टिकली यात निम्मा वाटा नशिबाचा होता.

म्हणून मालकाला आधी विचारायचं: किती वाढ झाली तर तुम्हाला खुपेल? दीडपट? सव्वापट? उत्तर सव्वापट असेल तर दहा पुड्यांत भागणार नाही हे तिथेच सांगून टाकावं. पुडे मोजायला पैसे लागत नाहीत, फक्त कंटाळा येतो. औषधाची गोळी विरघळवून तपासायची असेल किंवा वेल्डिंगचा सांधा तोडून बघायचा असेल तर प्रश्न खरोखर अवघड होतो, कारण तिथे प्रत्येक मोजणीत माल जातो.

सलग पंचवीस पुडे उचलले तर चालेल?

ही चूक मी स्वतः केली आहे. एका युनिटमध्ये सकाळी दहाला गेले, पट्ट्यावरून येणारे सलग तीस पुडे उचलून मोजले, सिग्मा उत्तम आला, चहा घेतला, “मशीन ठीक आहे” असं लिहून दिलं. आठवड्याने फोन: “मॅडम, परत कमी वजनाची तक्रार आली.” पुन्हा गेले, या वेळी दिवसभर बसले. दुपारनंतर वरच्या हॉपरमधले पोहे तळाला जात, चुरा जास्त येई, आणि वजन हळूहळू सरके. सलग तीस पुड्यांत ते सरकणं दिसणंच शक्य नव्हतं. मी दहा मिनिटांचा चढउतार मोजला होता आणि निष्कर्ष दिवसाचा काढला होता.

त्यानंतर परिकल्पनेच्या ओळीतच लिहून ठेवते: कुठल्या काळातला चढउतार? एका भरणीतला, एका पाळीतला की महिनाभराचा? तिन्ही सिग्मा वेगळे असतात. पाळीतला हवा असेल तर पुडे पाळीभर विखरून घ्यायचे. शिवाय सलग पुडे एकमेकांसारखे असतात. परीक्षेचं गणित ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून चाललेलं असतं.

वजनकाट्याचाही स्वतःचा चढउतार असतो आणि तो तुमच्या आकड्यात मिसळतो. तो वर्गांनी मिसळतो: काट्याचा सिग्मा १ ग्रॅम असेल तर ३.८ मधून मशीनचा वाटा १४.४४ − १ चं वर्गमूळ, म्हणजे ३.६७. पाच ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणाऱ्या काट्यावर ३ ग्रॅमचा दावा तपासायला बसू नये.

वजनं नॉर्मल नसतील तर? नमुना मोठा घेतला की निभावतं ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

सरासरीच्या परीक्षेत मोठा नमुना पुष्कळ गोष्टी सांभाळून घेतो. व्हेरिअन्सच्या परीक्षेत सांभाळत नाही. नमुन्याचा व्हेरिअन्स किती डळमळतो हे वितरणाच्या शेपट्या किती जाड आहेत यावर ठरतं, आणि काय-स्क्वेअरचं टेबल शेपट्या नॉर्मलइतक्याच धरून छापलेलं आहे. शेपट्या जाड असल्या तर टेबलची किंमत पहिल्यापासूनच चुकीची. नमुना वाढवून ती सुधारत नाही.

आकड्यांत: दोन्हीकडे सारख्या घसरत जाणाऱ्या लाप्लास वितरणातून मोठा नमुना घेतला, शून्य परिकल्पना खरी ठेवली, आणि एकतर्फी ५ टक्क्यांची परीक्षा केली, तर ती ५ नव्हे, जवळपास १५ टक्के वेळा फेटाळते. उलट सपाट, आयताकृती वितरण घेतलं तर अर्ध्या टक्क्याच्या आसपासच फेटाळते, म्हणजे खरा बिघाडही तिला सहज दिसत नाही. जॉर्ज बॉक्स या संख्याशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये हाच मुद्दा लावून धरला होता.

मग करायचं काय? आधी आलेख काढा. एखादा फाटका पुडा ४६० वर बसला असेल तर तो एकटा व्हेरिअन्स फुगवतो. त्याचं कारण शोधा, पण कारण न सापडता त्याला गाळू नका. आलेख वाकडा दिसला तर एफ आणि बार्टलेट (अनेक गटांच्या व्हेरिअन्सची, नॉर्मल धरून चालणारी परीक्षा) बाजूला ठेवून लेव्हीन परीक्षा घ्या. तिची युक्ती साधी आहे: प्रत्येक निरीक्षण आपल्या गटाच्या मध्यापासून किती लांब आहे ते अंतर काढायचं, आणि त्या अंतरांच्या सरासरींची तुलना करायची. चढउताराचा प्रश्न असा सरासरीचा होऊन जातो. लेव्हीनने १९६० मध्ये गटाची सरासरी वापरली होती. ब्राउन आणि फोरसाइथ यांनी १९७४ मध्ये मध्यक सुचवला, आणि आज तोच घ्यावा. सुखात्मे हे नाव मराठी कानाला ओळखीचं आहे. बाळकृष्ण सुखात्मे यांनी १९५७ मध्ये व्हेरिअन्सच्या तुलनेसाठी नॉर्मलची अटच न घालणाऱ्या परीक्षा मांडल्या होत्या, हे आमच्या मुलांना सहसा माहीत नसतं.

आता खरा डेटा. अमेरिकेतली एनआयएसटी ही मानक संस्था शिकवण्यासाठी गिअरच्या व्यासांचे शंभर आकडे देते, दहा बॅच, प्रत्येकी दहा गिअर. सर्व बॅचचे सिग्मा सारखे आहेत का? बार्टलेटचा आकडा २०.७९ येतो, सीमा १६.९२, फेटाळा. लेव्हीनचा १.७१ येतो, सीमा १.९९, फेटाळू नका. शंभर गिअर तेच.

वर्गात इथे दोन तट पडतात. मी विचारते, बॅचवार स्टँडर्ड डेव्हिएशन बघितलंत का? सात बॅचचं ०.००३६ ते ०.००५३ च्या दरम्यान आहे. पाचव्या, सहाव्या, सातव्या बॅचचं ०.००७६, ०.००९९ आणि ०.००७९. तीन मोठे आकडे लागोपाठ! दोन्ही परीक्षांना बॅचचा क्रम कळतच नाही. त्या बॅच पत्त्यांसारख्या पिसल्या तरी उत्तर तेच देतील. मी तिथे असते तर टेबल मिटवून त्या तीन बॅचच्या वेळी मशीनवर काय चाललं होतं ते विचारायला गेले असते. पण “पाच ते सात बॅच वेगळ्या आहेत का” ही परिकल्पना याच शंभर आकड्यांवर तपासायची नाही. ती या आकड्यांनीच सुचवली आहे. तिच्यासाठी नवे गिअर मोजायचे.

टी-टेस्टच्या (दोन सरासरींच्या तुलनेच्या) आधी एफ-टेस्ट करून व्हेरिअन्स सारखे आहेत का ते बघावं का?

पुस्तकात तसं आहे, परीक्षेत तसं लिहा. कामाच्या ठिकाणी करू नका. बॉक्सची उपमा अशी होती, की मोठं जहाज बंदरातून सोडण्याइतका समुद्र शांत आहे का हे बघायला वल्ह्याची होडी घेऊन समुद्रात जाण्यासारखं हे आहे. टी-टेस्ट थोडीफार विषमता सोसते. एफ-टेस्ट त्यापेक्षा कितीतरी नाजूक. सरळ वेल्चची टी-टेस्ट घ्या, ती व्हेरिअन्स सारखे धरतच नाही. आर ही संगणकप्रणाली न सांगता तीच करते.

व्हेरिअन्स वेगळे असताना सरासरींची तुलना कशी करायची हा वादाचा जुना विषय, बेहरेन्स-फिशर समस्या म्हणून ओळखला जातो. फिशरच्या पद्धतीची टेबलं १९३८ मध्ये बनवली ती सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. हाताने फिरवायच्या गणकयंत्रांचा काळ होता तो.

शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही. म्हणजे दोन्ही मशीन सारखी आहेत असं लिहू?

लिहू नका. ३.०६ वालं उदाहरण पुन्हा बघा. तिथे फेटाळता आलं नाही ते मशीन सारखी होती म्हणून की पुडे दहाच होते म्हणून, हे परीक्षा सांगत नाही.

त्याऐवजी सिग्माची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा सिग्मा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, द्या. पंचवीस पुडे आणि ३.८ च्या उदाहरणात २४ × १४.४४ ला ३९.३६ ने आणि १२.४० ने भागा, वर्गमूळ काढा: ९५ टक्के मर्यादा २.९७ ते ५.२९ ग्रॅम. बघा, खालच्या बाजूला अंतर ०.८३ आणि वरच्या बाजूला १.४९. सिग्मा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त असू शकतो, थोडाच कमी असू शकतो. मालकाला काय-स्क्वेअर समजत नाही, पण “तीनपासून सव्वापाचपर्यंत काहीही असू शकतं” हे लगेच समजतं, आणि तो स्वतःच म्हणतो, “मग अजून पुडे मोजूया.”

५ टक्केच का? १ टक्का घेतला तर निकाल जास्त पक्का ना?

१ टक्क्याला आपली सीमा ४२.९८ झाली असती आणि तक्रार फेटाळली गेली असती. एका बाजूची चूक कमी केली की दुसरीकडची वाढते. कोर्टकचेरी होणार असेल तर मी १ टक्का घेते. नुसतं मेकॅनिकला बोलवायचं असेल तर १० टक्केही चालतील.

निष्कर्ष कोणत्या शब्दांत लिहायचा?

“शून्य परिकल्पना फेटाळली” यावर थांबलात तर पेपर तपासणारा गुण देईल, पण कारखान्यात कोणी वाचणार नाही. मी असं लिहून देते:

“सोमवारी सकाळच्या पाळीत, पाळीभर विखरून घेतलेल्या २५ पुड्यांवरून, मशीनच्या वजनातला चढउतार कोटेशनमधल्या ३ ग्रॅमपेक्षा जास्त असल्याचा पुरावा ५ टक्के पातळीवर मिळतो (पी-व्हॅल्यू ०.०३ च्या आसपास). परीक्षा एकतर्फी; दिशा मोजणीच्या आधी ठरवली होती. वजनांचा आलेख घंटेच्या आकाराच्या जवळ आहे, एकही पुडा गाळलेला नाही. काटा सकाळी प्रमाणित वजनाने तपासला होता. दुपारच्या पाळीबद्दल यातून काही म्हणता येत नाही.”

शेवटचं वाक्य मालक खोडायला सांगतात. मी खोडत नाही.